थोरली पाती आणि धाकटी पाती : धार-देवासच्या मिशन-वाङ्मयातील बिनपगारी सेवक

मंडळीचा इतिहास कोणी आणि कोणासाठी लिहिला, यावर त्या मंडळीत ‘सेवक’ कोणाला म्हणावयाचे हे पुष्कळ अंशी ठरत असते. हे विधान प्रथमदर्शनी अतिशयोक्त वाटण्याचा संभव आहे. इतिहास लिहिणारे लिहितात आणि सेवा करणारे सेवा करतात. या दोहोंचा परस्परसंबंध काय, असे कोणी विचारील. प्रस्तुत लेखात धार आणि देवास या माळव्यातील दोन ठिकाणांसंबंधी झालेल्या ख्रिस्ती लेखनाचे परीक्षण करून हे विधान तपासून पाहावयाचे आहे. पाळकबंधू आणि उपदेशक यांच्यापुढे हा विषय ठेवण्याचे कारण उघड आहे. आपल्या मंडळ्यांतील सामान्य विश्वासी पुढे येत नाहीत, सर्व भार एकट्या पाळकावर पडतो, ही तक्रार आपल्या प्रत्येक बैठकीत ऐकू येते. या तक्रारीचे मूळ विश्वासी लोकांच्या उदासीनतेत आहे, असे आपण धरून चालतो. ते मूळ आपल्याच लेखनात आणि बोलण्यात असू शकेल, ही शक्यता आपण सहसा विचारात घेत नाही.

धार आणि देवास ही गावे मराठी वाचकाला परकी नाहीत. अठराव्या शतकात पवार घराण्याने तेथे राज्ये स्थापिली आणि मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. देवासची व्यवस्था तर सर्वस्वी वेगळी होती. तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोन भावांनी मिळविलेल्या राज्याच्या पुढे दोन शाखा झाल्या. एकीला थोरली पाती म्हणत आणि दुसरीला धाकटी. गाव एकच, परंतु राजे दोन, वाडे दोन आणि कारभारही दोन. इंग्रजी अमदानीत दोन्ही पात्यांच्या राजांना पंधरा-पंधरा तोफांची सलामी होती. म्हणजे नावात थोरले-धाकटे असले तरी मानात फरक नव्हता. १९४८ साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या आणि ही व्यवस्था संपली.

‘पाती’ या शब्दाचा अर्थ वाटा, हिस्सा असा आहे. एका मिळकतीत ज्यांचा वाटा आहे ते पातीदार. हा अर्थ वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे. आपल्या मंडळीतही दीक्षित आणि अदीक्षित अशा दोन पात्या पडल्या आहेत. फरक इतकाच, की देवासच्या धाकट्या पातीला स्वतःचा दरबार होता आणि स्वतःचे दप्तर होते. मंडळीच्या धाकट्या पातीला दप्तरात नावही मिळालेले नाही.

चार ग्रंथ, चार शीर्षके

कॅनडातील प्रेस्बिटेरियन मंडळीचे काम माळव्यात १८७७ साली इंदूर आणि महू येथे सुरू झाले. धार हे त्याचे केंद्र १८९५ मध्ये झाले. तेथे डॉक्टर मार्गारेट ओ’हारा यांनी स्त्रियांसाठी जे वैद्यकीय कार्य उभारले ते सुप्रसिद्ध आहे. या क्षेत्रासंबंधी इंग्रजीत जे लेखन झाले त्यातील चार ग्रंथ येथे विचारात घेऊ. नॉर्मन रसेल यांचे ‘व्हिलेज वर्क इन इंडिया’ हे पुस्तक १९०२ साली प्रसिद्ध झाले. जे. टी. टेलर यांचे ‘इन द हार्ट ऑफ इंडिया’ १९१६ चे. डॉक्टर ओ’हारा यांचे ‘लीफ ऑफ द लोटस’ १९३१ चे. आणि रूथ कॉम्प्टन ब्राउअर या कॅनेडियन इतिहास-लेखिकेचे ‘न्यू विमेन फॉर गॉड’ हे १९९० चे.

या ग्रंथांची योग्यता कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. त्यांतील पहिले तीन ज्यांनी लिहिले त्यांनी आपले आयुष्य या भूमीत वेचले. चौथ्याने एक मोठी उणीव भरून काढली. मिशनचा इतिहास म्हणजे पुरुष मिशनऱ्यांचा इतिहास, ही समजूत ब्राउअर यांनी मोडली. १८७६ साली कॅनडातील स्त्रियांनी आपली स्वतंत्र मिशनरी संस्था कशी स्थापिली, तिच्या पैशाने किती अविवाहित स्त्रिया या देशात आल्या, आणि येथे आल्यावर मध्य भारताच्या मिशनमध्ये निर्णयाच्या अधिकारावरून पुरुष सहकाऱ्यांशी त्यांचा कसा कडवट संघर्ष झाला, हे त्यांनी कागदपत्रांच्या आधारे दाखविले आहे.

असे असूनही या चार ग्रंथांच्या शीर्षकांकडे एकत्र पाहिले म्हणजे एक गोष्ट चटकन नजरेत भरते. रसेल यांच्या ग्रंथाचे उपशीर्षक सांगते, की ही शब्दचित्रे एका मिशनऱ्याच्या अनुभवातील आहेत. टेलर यांचे उपशीर्षक सांगते, की हे कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनच्या कार्याचे वर्णन आहे. ओ’हारा यांच्या आठवणी अर्थातच त्यांच्या स्वतःच्या आहेत. ब्राउअर यांचे उपशीर्षक कॅनेडियन प्रेस्बिटेरियन स्त्रियांचा निर्देश करते. अनुभव कोणाचा, तर मिशनऱ्याचा. कार्य कोणाचे, तर मिशनचे. स्त्रिया कोणत्या, तर कॅनडाच्या. माळव्यातील विश्वासी माणूस या चारही चौकटींत बसतो तो दुसऱ्याच्या गोष्टीतील एक पात्र म्हणून.

यात लेखकांचा वैयक्तिक दोष शोधणे अन्यायाचे होईल. पहिले तिन्ही ग्रंथ समुद्रापलीकडच्या वाचकांसाठी होते. तेथील देणगीदार मंडळ्यांना आपल्या पैशाचे आणि प्रार्थनेचे चीज झाले हे कळावे, हे अशा लेखनाचे स्वाभाविक प्रयोजन होते. ज्या माणसाला मिशनकडून पगार मिळत होता त्याची नोंद हिशेबात येणे क्रमप्राप्त होते: इतके शिक्षक, इतके उपदेशक, इतक्या बायबल-बाया. पण ज्या शेतकऱ्याने संध्याकाळी आपल्या ओट्यावर शेजाऱ्यांना बोलावून प्रार्थना केली, त्याच्यावर एक पैही खर्च झालेली नव्हती. जो खर्चाच्या वहीत नव्हता तो अहवालात येणार कसा, आणि जो अहवालात नव्हता तो ग्रंथात उतरणार कसा? ब्राउअर यांच्या ग्रंथालाही हीच मर्यादा पडते. त्यांचा विषयच कॅनेडियन स्त्रिया हा असल्यामुळे आणि त्यांचा आधार मिशनचे दप्तर हाच असल्यामुळे, भारतीय सहकारिणी कडेला राहतात. एका विस्मृत गटाला न्याय देणाऱ्या ग्रंथातही दुसरा गट विस्मृतीतच राहतो, ही गोष्ट टीकाकाराने नमूद केलीच पाहिजे.

पगाराचा न्यायनिवाडा

येथे एक प्रश्न उभा राहतो. या क्षेत्रात बिनपगारी सेवा मुळात होती तरी का? की पगारी सेवकांवाचून दुसरे कोणी नव्हतेच, म्हणून ग्रंथांतही दिसत नाही?

या प्रश्नाचे उत्तर देताना त्या काळची परिस्थिती समजून घेणे अगत्याचे आहे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात मध्य भारतातील असंख्य मुले अनाथ झाली आणि त्यांतील पुष्कळ मिशनच्या आश्रयास आली. या मुलांना जमीन नव्हती, जातीचा धंदा नव्हता, पाठीशी नातेगोते नव्हते. मोठी झाल्यावर त्यांनी जगावे कशावर? मिशनची शाळा, मिशनचे इस्पितळ, मिशनची कार्यशाळा यांवाचून त्यांना दुसरा आधार नव्हता. प्रौढपणी विश्वास स्वीकारणाऱ्याचीही स्थिती फारशी निराळी नसे. घर सुटे, बलुते सुटे, विहीर बंद होई. अशा माणसाला नोकरी देणे हा प्रीतीचाच एक प्रकार होता. विधवा स्त्रीच्या बाबतीत तर बायबल-बाईचा तुटपुंजा पगार म्हणजे कोणाच्या दारी हात न पसरता जगण्याचा मार्ग होता. म्हणून पगार घेऊन केलेल्या सेवेला आज कोणी हिणवील तर तो मोठाच कृतघ्नपणा ठरेल.

परंतु प्रीतीने केलेल्या व्यवस्थेचेही परिणाम होतात आणि ते व्यवस्था करणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून नसतात. येथे परिणाम असा झाला की, सेवा आणि नोकरी हे दोन शब्द एकमेकांत मिसळून गेले. आपल्या बोलीत आजही याची खूण सापडते. अमुक गृहस्थ ‘मिशनच्या कामात होते’ असे आपण म्हणतो तेव्हा ते पगारावर होते असाच अर्थ घेतला जातो. ‘काम’ म्हणजे नेमणूक. जो नेमलेला नाही तो काम करीत नाही. फार तर ‘मदत’ करतो. रविवारची शाळा चालविणारी गृहिणी मदत करते, आजाऱ्यांच्या घरी जाणारा निवृत्त शिक्षक मदत करतो, मयताच्या घरी रात्रभर बसणारे तरुण मदत करतात. मदत करणाऱ्याचे आभार मानले जातात. पण त्याला कोणी प्रशिक्षण देत नाही, त्याचा सल्ला विचारीत नाही आणि त्याच्या कामाचा हिशेबही मागत नाही.

या भाषेची किंमत मंडळीला पुढे चुकवावी लागली. १९२४ साली उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी अस्तित्वात आली. १९२५ मध्ये कॅनडातील संयुक्त मंडळी स्थापन होऊन माळव्याचे मिशन तिच्याकडे गेले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारताच्या मंडळीची स्थापना झाली. या अर्धशतकात कारभार क्रमाक्रमाने भारतीय हाती आला आणि परदेशी पैसा आटत गेला. कारभाराच्या खुर्च्या बदलल्या, तरी सेवकाची व्याख्या बदलली नाही. पगार देणारा गेला आणि पगारी सेवेची कल्पना मात्र मागे राहिली. त्यामुळे एका पाळकाकडे अनेक खेड्यांचा भार आला, आणि त्या खेड्यांतील विश्वासी त्याची वाट पाहत बसले.

बाहेरून आलेल्या टीकेलाही आपण याच कारणामुळे नीट उत्तर देऊ शकलो नाही. तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ मध्ये आपला अहवाल सादर केला. धार आणि देवास त्या वेळी मध्य भारत राज्यात होते, त्यामुळे ते समितीच्या कक्षेत नव्हते. पण त्याच वर्षी ते मध्य प्रदेशात आले आणि अहवालाचे पडसाद तेथेही उमटले. ख्रिस्ती कार्यामागे परदेशी पैसा आहे, हा त्या अहवालातील एक मुख्य आक्षेप होता. त्याच्या अनेक निष्कर्षांशी आपले मतभेद असतील, ते असावेतही. तथापि या आक्षेपाला सर्वांत बिनतोड उत्तर कोणते होते? एक पैसाही न घेता आयुष्यभर सेवा करणाऱ्या स्त्रीपुरुषांची नावनिशीवार यादी. ती माणसे मंडळीत होती. यादी मात्र कोणी ठेवलेली नव्हती.

उदयनगरची कथा

हा दोष केवळ जुन्या प्रॉटेस्टंट मिशन-वाङ्मयापुरता मर्यादित असता तर गोष्ट वेगळी. पण अलीकडच्या काळातील आणि कॅथलिक परंपरेतील एका कथनातही तो आढळतो.

आजच्या देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे सिस्टर राणी मारिया १९९२ साली आल्या. त्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या भगिनी असून मूळच्या केरळच्या होत्या. आदिवासी आणि भूमिहीन कुटुंबांनी आपापसांत गट करावेत, बचत करावी, बँकेचे कर्ज आणि सरकारी योजना यांचा लाभ स्वतः जाऊन घ्यावा आणि सावकाराच्या पाशातून सुटावे, असे त्यांचे कार्य होते. ज्यांच्या हितसंबंधांना यामुळे धक्का बसला त्यांनी त्यांच्या वधाचा कट केला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये समंदरसिंग नावाच्या तरुणाने त्यांची हत्या केली. पुढे त्यांच्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल यांनी तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली, कुटुंबाने क्षमा केली आणि २००६ मध्ये त्याची सुटका झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे सिस्टर राणी मारिया यांना धन्य घोषित करण्यात आले.

या क्षमेच्या साक्षीपुढे कोणाही ख्रिस्ती माणसाने मस्तक नमवावे. तरीसुद्धा ही कथा ज्या रीतीने सांगितली जाते तिचे परीक्षण करणे हा तिचा अनादर नव्हे. कॅथरीन मॅकगिल्व्हरे यांनी या विषयावर जो अनुबोधपट केला त्याचे नाव ‘द हार्ट ऑफ अ मर्डरर’, म्हणजे मारेकऱ्याचे हृदय. प्रचलित कथनांत तीन व्यक्तींची नावे वारंवार येतात: हुतात्मा झालेली भगिनी, क्षमा करणारी भगिनी आणि पश्चात्ताप पावलेला मारेकरी. पण ज्या बायकांनी तो बचतगट केला, ज्या प्रथमच बँकेच्या पायऱ्या चढल्या, ज्यांच्यासाठी हा प्राण गेला, त्या या कथनांत ‘गरीब आदिवासी’ एवढ्या दोन शब्दांत आटोपतात. हत्येनंतर त्यांनी काय केले? भीती वाटत असतानाही गट कोणी टिकविला? सावकाराच्या डोळ्याला डोळा देऊन कोण उभे राहिले? या प्रश्नांची उत्तरे या कथनांच्या मध्यभागी येत नाहीत. मारेकऱ्याचे नाव सर्वांच्या जिभेवर आहे आणि त्या स्त्रियांचे एकही नाव आपल्याला ठाऊक नाही, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

सिस्टर राणी मारिया यांच्या कार्याचे मर्मच असे होते, की लोकांनी आपले काम आपण करावे. त्यांची थोरवी सांगताना आपण त्या लोकांनाच निष्क्रिय करून टाकतो. म्हणजे त्यांच्या मृत्यूचा गौरव होतो, पण त्यांच्या पद्धतीचा विसर पडतो.

तीन उत्तरे आणि त्यांच्या मर्यादा

पगारी सेवेवर उभ्या राहिलेल्या मंडळीला गेल्या शतकात अनेकांनी उत्तरे सुचविली. त्यांतील तिघांचा येथे विचार करू.

रोलंड ॲलन यांनी १९१२ मध्ये पौलाच्या पद्धतीशी आधुनिक मिशनच्या पद्धतीची तुलना करणारा ग्रंथ लिहिला आणि १९३० मध्ये बिनपगारी पाळकसेवेचा सविस्तर पुरस्कार केला. नव्या मंडळीला पहिल्यापासून स्वतःच्या पायावर उभे करावे, तिच्यातील माणसांनाच तिची सेवा सोपवावी, हे त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. पण पौलाच्या मंडळ्या ज्या शहरांत वाढल्या तेथे सभास्थानांत वाढलेले, शास्त्र ऐकलेले आणि धंदा असलेले लोक होते. दुष्काळातून वाचलेल्या अनाथांच्या मंडळीला तोच नियम जसाच्या तसा लावता येत नाही.

आपले नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, सेवा निरिच्छपणे व्हावी, हा त्यांचा संकल्प मराठी संतपरंपरेच्या मातीतून उगवलेला होता. मिशनच्या पगाराने ख्रिस्ती सेवेला जे परकेपण आले होते त्यावर त्यांनी नेमके बोट ठेवले. परंतु १९१९ मध्ये टिळक निवर्तले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ तग धरू शकला नाही. एका तेजस्वी पुरुषाच्या त्यागावर उभी राहिलेली स्वयंसेवा त्या पुरुषाबरोबर मावळते. तिच्यामागे व्यवस्था लागते, आणि ती व्यवस्था सामान्य माणसाला पेलणारी असावी लागते.

तिसरे उत्तर दोर्णकलचे बिशप व्ही. एस. अझरिया यांचे. १९१२ साली बिशप झाल्यापासून १९४५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, प्रत्येक बाप्तिस्मा पावलेला मनुष्य साक्षी आहे हे तत्त्व त्यांनी खेड्यांतील दलित मंडळ्यांत रुजविले. त्यासाठी त्यांनी पगारी शिक्षकांना दूर केले नाही. खेड्यातील शिक्षक हा साक्षी तयार करणारा मनुष्य, अशी त्यांची दृष्टी होती. तिन्ही उत्तरांत हे अधिक समतोल वाटते. वेतन घेणारा आणि न घेणारा यांच्यात वैर न लावता, एकाचे काम दुसऱ्याला समर्थ करणे हे आहे, असे ते मानते. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायाचा आशयही हाच आहे.

पुढे १९५८ मध्ये हेन्ड्रिक क्रेमर यांनी सामान्य विश्वासी जनांच्या ईश्वरपरिज्ञानावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर आदेश काढला. म्हणजे तत्त्व आता वादाचा विषय राहिलेला नाही. वाद आहे तो आचरणाचा.

स्तुतीतील धोका

येथे एका विरुद्ध बाजूच्या धोक्याचाही उल्लेख केला पाहिजे. अलीकडे स्वयंसेवेची स्तुती पुष्कळ होते. पैसा कमी झाला म्हणून बिनपगारी माणसे हवीत, असा या स्तुतीचा खरा अर्थ अनेकदा असतो. पाळकाचा पगार वाचविण्यासाठी शोधलेली स्वयंसेवा ही सर्व विश्वासी जनांच्या याजकपणाची शिकवण नव्हे. ती काटकसर होय.

शिवाय बिनपगारी सेवा सर्वांना सारखी परवडत नाही. ज्याला निवृत्तिवेतन आहे, ज्याची नोकरी ठराविक वेळेची आहे, त्याच्याजवळ सवड असते. तो समितीत बसतो आणि समितीत बसला म्हणून निर्णय घेतो. रोजाने जाणारी बाई एक दिवस सेवेला आली तर तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो. तिला कोणी आडकाठी केलेली नसते, तरी ती बाहेरच राहते. अशा रीतीने धाकट्या पातीतच आणखी एक थोरली पाती तयार होते. म्हणून जाण्यायेण्याचा खर्च, जेवण, आणि आवश्यक तेथे बुडालेला रोज देणे, हे स्वयंसेवेच्या विरुद्ध नाही. त्यावाचून स्वयंसेवा हा सुखवस्तूंचा मान होऊन बसतो. पगार असावा की नसावा, हा खरा प्रश्नच नव्हे. सेवा करणाऱ्याचा मंडळीत वाटा आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

वाटा कोणाचा

आता ‘पाती’ या शब्दाकडे परत वळू. दीक्षित वर्गाला इंग्रजीत जो शब्द आहे तो ‘क्लेरॉस’ या ग्रीक शब्दावरून आला. त्याचा अर्थ चिठ्ठीने मिळालेला वाटा. म्हणजे आपला पाती हा शब्द त्याच्या अगदी जवळचा आहे. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात वडिलांना बोध करताना प्रेषित हाच शब्द अनेकवचनी वापरतो. तेथे तो पुढाऱ्यांना उद्देशून नाही; त्यांच्या हाती सोपविलेल्या कळपाला उद्देशून आहे. ज्यांच्यावर धनीपण करू नये असे प्रेषित वडिलांना बजावतो, तेच लोक देवाचा वाटा आहेत. पुढे इतिहासात तो शब्द लोकांकडून उचलून पुढाऱ्यांना दिला गेला. लोकांचा वाटा गेला आणि ते नुसते ‘लोक’ उरले.

रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय याच दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. आपण तो सहसा उपदेशासाठी घेत नाही. नुसती नावेच तर आहेत, असे आपल्याला वाटते. परंतु टीकाकाराच्या दृष्टीने तो अध्याय म्हणजे मंडळीच्या लेखनाचा आदर्श आहे. पौल तेथे वीसाहून अधिक माणसांची नावे घेतो आणि बहुतेकांविषयी एखादी नेमकी गोष्ट सांगतो. फीबी किंख्रियातील मंडळीची सेविका आहे आणि तिने पुष्कळांना साहाय्य केले. तंबू शिवणारे प्रिस्का आणि अक्विला यांनी आपला जीव धोक्यात घातला आणि मंडळी त्यांच्या घरी जमते. मरीया, त्रुफैना, त्रुफोसा आणि पर्सिस या चार स्त्रियांविषयी तो म्हणतो की त्यांनी श्रम केले. येथे वापरलेले क्रियापद तेच आहे, जे पौल इतरत्र स्वतःच्या प्रेषितकार्यासाठी वापरतो. त्यांचे ते श्रम आणि स्वतःचे ते कार्य, असा भेद तो करीत नाही. त्यांच्या कामाला तो ‘मदत’ म्हणत नाही.

अंत्युखियातील मंडळी ज्यांनी स्थापिली त्या कुप्री आणि कुरेनेकर माणसांची नावे लूकने दिलेली नाहीत, असे कोणी निदर्शनास आणील. ते खरे आहे. पण त्यांनी काय केले आणि त्याचे फळ काय झाले, हे त्याने स्पष्ट लिहून ठेवले आणि बर्णबाला त्यांच्यानंतर तेथे आणले. श्रेय जेथले तेथे राहिले.

आपले अहवाल

मिशनऱ्यांच्या ग्रंथांचे परीक्षण करणे सोपे आहे. ते लेखक उत्तर द्यावयास हयात नाहीत. परंतु प्रत्येक पाळक आणि उपदेशक हा देखील लेखक आहे. वार्षिक अहवाल, समितीचे इतिवृत्त, मंडळीच्या वर्धापनदिनाची स्मरणिका, हे आपले मिशन-वाङ्मय होय. शंभर वर्षांनंतर आपल्या मंडळीचा इतिहास जो लिहील त्याला एवढेच कागद उपलब्ध असतील. ज्या कसोटीला आपण रसेल आणि टेलर यांना लावतो तीच आपल्या मागील वर्षीच्या अहवालाला लावून पाहावी.

त्यासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत. अहवालात बिनपगारी सेवकांची पूर्ण नावे आहेत की ‘महिला मंडळाने सहकार्य केले’ एवढ्यावर काम भागविले आहे? त्यांनी केलेले काम नेमके सांगितले आहे काय? ज्या कामात ते आहेत त्यासंबंधीच्या निर्णयात त्यांचे मत घेतले गेले याची नोंद आहे काय? आणि त्यांना शिकविण्यासाठी वर्षभरात काही केले काय, त्यावर काही खर्च पडला काय? बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अर्धवट मिळतील आणि शेवटच्या दोहोंची मुळीच मिळणार नाहीत.

लेखन सुधारल्याने मंडळी आपोआप सुधारेल, असे म्हणणे भोळेपणाचे होईल. पण ज्या माणसाचे नाव व काम इतिवृत्तात लिहावे लागते, त्याला पुढच्या बैठकीत बोलवावे लागते. बोलाविल्यावर त्याचे ऐकावे लागते. ऐकल्यावर त्याला अधिकार द्यावा लागतो. माळव्यात हा क्रम उलट्या दिशेने गेला. वहीत नाव नव्हते, म्हणून अहवालात नव्हते. अहवालात नव्हते, म्हणून इतिहासात नव्हते. आणि इतिहासात नाही, म्हणून आज खेड्यातील विश्वासी मनुष्य प्रामाणिकपणे समजतो की सेवा हे पाळकाचे काम आहे. आपण त्याला उदासीन म्हणतो. वस्तुतः त्याने आपलेच लेखन नीट वाचले आहे.

देवासच्या दोन पात्या एका गावात नांदल्या, त्या दोघींचा वाटा दोघींनाही मान्य होता म्हणून. मंडळीत धाकट्या पातीचा वाटा ख्रिस्ताने स्वतः दिलेला आहे. तो नव्याने देण्याचा अधिकार आपल्याला नाही. दप्तरात त्याची नोंद करणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि ते काम येत्या वार्षिक अहवालापासून करता येण्यासारखे आहे.